बाटलीबंद बेबी फूडवरून घरच्या जेवणाकडे: दहा महिन्यांच्या बाळाला कसे वळवावे?

घोडबंदरची_आई

नमस्कार. माझ्या मुलीला नुकतेच दहा महिने पूर्ण झाले. तिचा जन्म न्यू जर्सीतला. सहा महिने झाल्यावर तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे अन्न सुरू केले, ते काचेच्या बाटल्यांतून आणि पिळून खाण्याच्या पाकिटांतून मिळणाऱ्या तयार बेबी फूडने. सफरचंद, नासपती, रताळे, वाटाणा, गाजर हे सगळे ती आवडीने खाते. पण ते इतके गुळगुळीत असते की चमचा ओठांना लागला की गिळायचे, एवढेच तिला ठाऊक आहे. आता आम्ही कायमचे ठाण्यात, कासारवडवलीला राहायला आलो आहोत. आयात केलेल्या बाटल्या इथल्या मोठ्या दुकानांत मिळतात, पण त्या महाग आहेत, आणि मुख्य म्हणजे तिने आमच्या पंगतीत बसून आमच्याबरोबर जेवावे असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की वरणभाताचे एखादे शीत जरी तोंडात आले तरी ती ओकारी काढते आणि तोंड फिरवते. सासूबाईंच्या मते सगळे मिक्सरमधून काढून द्यावे. शेजारच्या काकूंच्या मते बाटल्या एकदम बंद कराव्यात, म्हणजे भुकेने आपोआप खाईल. पुढच्या महिन्यापासून मी ऐरोलीला ऑफिसात रुजू होणार आहे आणि ती पाळणाघरात जाईल. ज्यांनी हा बदल घरी केला आहे त्यांनी क्रम कसा ठेवला, मीठ कधी सुरू केले, ओकारीला किती घाबरावे, हे कृपया सविस्तर लिहावे. तिचे वजन व्यवस्थित आहे आणि इथल्या डॉक्टरांनीही तपासून काही दोष नसल्याचे सांगितले आहे.

मासुंदा_काठ

गुरगुट्या भात, साधे वरण आणि चमचाभर साजूक तूप. आमच्या घरातल्या सगळ्या पिढ्या यावरच वाढल्या.

खारघरकर_बाबा

मासुंदा_काठ यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण धागाकर्तीची मुलगी नेमके त्या भातालाच अडते आहे, त्यामुळे भात सुचवून प्रश्न सुटत नाही. आमच्या जुळ्यांपैकी एकाची हीच तऱ्हा होती. आम्हाला उपयोगी पडलेला नियम सांगतो: चव आणि पोत या दोन गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत. बाटलीतल्या अन्नाची चव गोडसर आणि पोत गुळगुळीत असतो. वरणभाताची चव वेगळी आणि पोतही वेगळा. बाळाला दोन्ही धक्के एकदम बसतात.

म्हणून आधी घरचा लाल भोपळा, गाजर, मूगडाळ हे बाटलीतल्याइतकेच बारीक करून दिले, म्हणजे फक्त चव नवीन राहिली. ती अंगवळणी पडल्यावर तेच पदार्थ थोडे भरड ठेवले. अगदी सुरुवातीला तर बाटलीतल्या रताळ्यात घरच्या रताळ्याचा एक चमचा मिसळत असू आणि घरचा भाग वाढवत नेत असू. बाटली एकदम बंद करण्याची गरज आम्हाला कधीच भासली नाही. ती आपोआप मागे पडली.

बालरोग_परिचारिका

मी ठाण्यातच बालरुग्ण विभागात काम करते. ओकारीबद्दल आधी लिहिते, कारण बहुतेक घरांत भरडपणा देणे थांबते ते या एका भीतीमुळे.

ओकारी ही बाळाच्या शरीराने केलेली राखण आहे. मोठ्या माणसाला जिभेच्या अगदी मागच्या भागाला काही लागले तरच ओकारी येते. बाळात ती जागा जिभेवर बरीच पुढे असते आणि घन पदार्थ खाण्याच्या सरावाने मागे सरकत जाते. ओकारी येताना बाळाचा चेहरा लाल होतो, आवाज येतो, जीभ बाहेर येते, घास पुढे ढकलला जातो आणि बहुतेकदा बाळ पुन्हा खायला लागते. अशा वेळी आपण शांत बसावे. पाठ बडवणे, तोंडात बोट घालणे, मोठ्याने ओरडणे यांनी बाळ घाबरते आणि घास मागे सरकण्याचा धोका वाढतो.

घास श्वासनलिकेत अडकणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यात आवाज येत नाही, खोकता किंवा रडता येत नाही, ओठ निळसर पडू लागतात. एक वर्षाखालील बाळ असेल तर त्याला आपल्या हाताच्या पुढच्या भागावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून जबडा आधाराने धरावा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने ५ थापा द्याव्यात. घास सुटला नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मुळाने ५ वेळा दाबावे, आणि घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून करावे. एवढ्या लहान बाळाचे पोट दाबायचे नाही आणि न दिसणारा घास बोटाने उकरायचा नाही. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ ला फोन लावावा. बाळ बेशुद्ध झाले तर छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास यांची गरज लागते, म्हणून हे सगळे प्रशिक्षित व्यक्तीकडून प्रत्यक्ष पाहून शिकावे. घरातल्या आजी-आजोबांनी आणि पाळणाघरातल्या ताईंनीही ते शिकलेले असावे.

आता तुमच्या मुलीबद्दल. वरणभाताला ती ओकारी काढते याचे एक साधे कारण असू शकते. पातळ वरणात सुटी शिते, म्हणजे एकाच घासात पातळ आणि घट्ट, हा प्रकार बाळाला सर्वांत अवघड जातो. पातळ भाग ती सवयीने गिळायला जाते आणि मागून शीत येते. त्याऐवजी सर्वत्र सारखा, दाट, किंचित भरड असा घास द्यावा: भात आणि घट्ट वरण डावाने एकजीव घोटलेले, उकडलेला बटाटा काट्याने कुस्करून तुपात कालवलेला, पिकलेले केळे हाताने मोडलेले. सुटी शिते असलेला वरणभात त्यानंतर.

काकूंचा उपाशी ठेवण्याचा सल्ला कृपया मानू नये. या वयात भूक मोडली की बाळ अधिक चिडचिडे होते आणि जेवणाच्या वेळेचीच धास्ती घेते.

नौपाड्याची_आजी

परिचारिका ताईंनी फार नीट समजावून सांगितले आहे. मी त्यात स्वयंपाकघरातले थोडे सांगते. मिक्सर आणि हाताने कुस्करणे यांच्या मधली पायरी म्हणजे पुरणयंत्र. त्यातून उकडलेला भोपळा, रताळे, मूगडाळ घातलेला मऊ भात काढला की तो दाट आणि किंचित कणीदार येतो. मिक्सरचे पाते सगळे चिकट करून टाकते. भात तर खळीसारखा होतो आणि तो कोणालाही आवडणार नाही.

आमच्याकडे क्रम असा असे: तांदळाची कण्हेरी, मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व, मग आसट खिचडी, गव्हाची लापशी, मग पोळीचा पापुद्रा वरणात भिजवून कुस्करलेला, आणि वर्षाच्या सुमारास मऊ इडली आणि घावन हातात. उष्टावण झाल्यावर पहिले काही आठवडे आम्ही वरणावरचे पाणी देत असू. तेही या मुलीला सुरुवातीला द्यायला हरकत नसावी, पचायला हलके असते.

निवृत्त_मुख्यसेविका

आजींच्या बाकी सगळ्या गोष्टींशी सहमत आहे, पण वरणाच्या पाण्याबद्दल मला आदरपूर्वक असहमती नोंदवावी लागेल. एकात्मिक बालविकास योजनेत ठाणे जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांवर देखरेख करण्याचे काम मी अनेक वर्षे केले, आणि ज्या एका सवयीविरुद्ध सर्वांत जास्त बोलावे लागले ती हीच.

बाळाचे पोट लहान असते. वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली इतकेच अन्न एका वेळी त्यात मावते, म्हणजे आठ किलोच्या बाळाला एका बैठकीत पाऊण ते एक मोठी वाटी. ती जागा वरणाच्या पाण्याने भरली तर बाळाला ऊर्जा आणि प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत, कारण डाळ खाली भांड्यात राहते. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते, आणि बाराव्या महिन्यानंतर ही गरज सुमारे ५५० पर्यंत जाते. ती पातळ पेजेवर भागणार नाही. चमचा तिरका केला तरी अन्न ओघळून पडू नये, इतके ते दाट असावे. त्यात तूप किंवा तेल घातले की तेवढ्याच घासात ऊर्जा वाढते.

यावर आया नेहमी विचारत, की दाट दिले तर बाळ गिळत नाही, मग काय करायचे? त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे आणि ते आजींनी नावाने सांगितलेही आहे: सत्त्व. नाचणी किंवा गहू भिजवून, मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळले की मोड आलेल्या धान्यातले अमायलेझ हे विकर पिठात टिकते. दाट शिजवलेली लापशी जरा निवल्यावर त्यात या पिठाचा अगदी छोटा चमचा घालून ढवळले की स्टार्च तुटतो आणि तीच लापशी पाणी न घालता सैल होते. म्हणजे पातळपणा मिळतो आणि ऊर्जाही कमी होत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर बरेच काम झाले. पीठ कच्चे राहू नये म्हणून ते घातल्यावर लापशीला पुन्हा एक उकळी आणावी. धागाकर्तीच्या मुलीसाठी हा मार्ग उत्तम आहे, कारण तिला दाटपणाची सवय पायरी पायरीने लावता येईल.

नाचणीबद्दल एक खुलासा. ती लोहासाठी दिली जाते, पण तिचे खरे बळ कॅल्शियमचे आहे: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर लोह ४.६ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. मोड आणल्याने फायटेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारा धान्यातला घटक, कमी होते आणि लोह थोडे अधिक शोषले जाते. वरणभातावर लिंबाचे दोन थेंब पिळण्याची पद्धतही त्याच कारणाने चांगली. तरीही या वयात लोहाची गरज फक्त धान्यांवर भागत नाही, म्हणून ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह आणि फॉलिक ॲसिडचे १ मिली सिरप सरकारी आरोग्य सेवेतून दिले जाते. आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारावे.

नौपाड्याची_आजी

मुख्यसेविका ताई, हे पटले. वरणाची डाळ रवीने घोटून देणे काही अवघड नाही, पाण्यापेक्षा तेच बरे.

वाचक_पाचपाखाडी

थोडा इतिहास, कारण तो या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. अमेरिकेत गर्बर कंपनीने मिशिगन राज्यातल्या फ्रीमॉंट येथून गाळलेले बेबी फूड विकायला १९२८ मध्ये सुरुवात केली. वाटाणा, गाजर, पालक, प्रून आणि गोमांस-भाज्यांचे सूप हे तिचे पहिले प्रकार. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे जन्मानंतर काही आठवड्यांतच बाळाला वरचे अन्न देण्याची पद्धत रूढ झाली. एवढ्या लहान बाळाला चावता येणे शक्यच नव्हते, त्यामुळे अन्न पूर्ण गाळलेले असणे भाग होते. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही शिफारस स्वीकारली. आज बाळ वरच्या अन्नाला सुरुवात करते तेव्हा ते बसू लागलेले असते, हात तोंडाकडे नेते, हिरड्यांनी मऊ पदार्थ चिरडू शकते. म्हणजे गुळगुळीत अन्नाचा टप्पा आता काही आठवड्यांचाच उरतो, पण दुकानातली मांडणी पाहून तो वर्षभर चालावा असे वाटते.

आपल्याकडे १९९२ चा कायदा, २००३ मधील दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बालान्नाच्या जाहिरातींना मनाई करतो. त्यामुळे टीव्हीवर त्या दिसत नाहीत. तरी आजकाल मोबाइलवर आयांना उद्देशून जे चालते त्याकडे डोळसपणे पाहावे.

ठाणे_पूर्व_आई

दात आल्याशिवाय घट्ट काही देऊ नये असे आमच्या घरी सांगितले जाते. मुलीला दोनच दात आहेत. मग इडली कशी द्यायची?

बालरोग_परिचारिका

@ठाणे_पूर्व_आई, चर्वणाच्या दाढा साधारण वर्षानंतर येऊ लागतात. त्यांची वाट पाहिली तर फार उशीर होईल. आपल्या बोटांच्या चिमटीत सहज चिरडला जाणारा कोणताही पदार्थ बाळाच्या हिरड्यांना जमतो.

उशिराबद्दल एक गोष्ट जबाबदारीने सांगते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉल परिसरातल्या हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना गुठळ्या असलेले अन्न दहा महिन्यांनंतर सुरू झाले त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या. याचा अर्थ आता काही होणार नाही असा अजिबात नाही. या वयात बाळे फार लवकर शिकतात. धागाकर्तीने फक्त आणखी दोन-तीन महिने मिक्सरवर काढू नयेत, एवढेच. जी बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, त्यांच्या बाबतीत मात्र वय कसे मोजायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सानपाडा_संसार

तयार अन्नाला या धाग्यात सरसकट वाईट ठरवले जाऊ नये असे मला वाटते. आम्ही दोघे नोकरी करतो. पाकिटबंद तृणधान्याच्या बालान्नात लोह मिसळलेले असते, जे घरच्या वरणभातात तेवढे नसते, आणि आमच्या मुलाचे हिमोग्लोबिन कमी आल्यावर डॉक्टरांनीच ते दिवसातून एकदा चालू ठेवायला सांगितले. वेष्टनावरचा घटकांचा तक्ता मात्र आम्ही प्रत्येक वेळी वाचतो. साखर वेगळी घातलेली असेल तर ते पाकीट घेत नाही. २०२४ मध्ये यावरून बरीच चर्चा झाली होती.

निवृत्त_मुख्यसेविका

सानपाडा_संसार, आपले म्हणणे रास्त आहे आणि लोहाच्या बाबतीत ते शास्त्राला धरून आहे. तयार अन्न एक वेळ चालू ठेवून बाकीची जेवणे घरची करण्यात काही गैर नाही. फक्त त्याचा पोत बदलत नाही, त्यामुळे चावण्याचा सराव बाकीच्या जेवणांत झाला पाहिजे.

कोपरखैरणे_से१५

धागाकर्तीच्या मिठाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. आमच्याकडे सहाव्या महिन्यापासूनच चिमूटभर घालतो. अळणी कोण खाणार?

खारघरकर_बाबा

याला माझा विरोध आहे. बाळाने मीठ अजून चाखलेलेच नसते, त्यामुळे अळणी म्हणजे काय हे त्याला माहीत नसते. ती आपली जीभ असते. एक वर्षाखालील बाळाला सगळे मिळून दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे अशी ब्रिटनच्या आरोग्य सेवेची सूचना आहे, आणि दुधातून, इतर अन्नातून ते काही प्रमाणात मिळतेच. बाळाची मूत्रपिंडे अजून पक्व झालेली नसतात.

आम्ही घरात एवढेच केले, की वरण, खिचडी, भाजी शिजली की मीठ-तिखट घालण्याआधी बाळाची वाटी काढून ठेवायची आणि उरलेल्याला आपली फोडणी द्यायची. वेगळा स्वयंपाक लागत नाही. हळद, हिंग, जिरे, धने, लसूण यांना हरकत नाही. उलट त्यांच्या वासाने घरच्या चवीची ओळख होते. लोणचे, पापड, फरसाण, सॉस यांतले मीठ मात्र फार असते. साखर आणि गूळ या दोघांनाही आम्ही लांब ठेवले. वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात.

कोपरखैरणे_से१५

फोडणीआधी वाटी काढण्याची कल्पना सोयीची आहे. घरी बोलतो.

दिवाळे_कोळीवाडा

सगळी चर्चा वरणभाताभोवती चालली आहे, म्हणून आमच्याकडची पद्धत लिहितो. आमच्या घरात बाळाची पहिली मासळी म्हणजे ताजा ओला बोंबील. तो नुसत्या हळदीच्या पाण्यात उकडला की इतका मऊ होतो की बोटांनी दाबताच सुटतो. मधला काटा ओढून काढायचा, उरलेले चिमटीत चाचपायचे आणि मऊ भातात कालवायचे. पापलेट आणि रावसही चांगले, कारण त्यांचे काटे मोठे आणि सहज दिसणारे असतात. मांदेली आणि पाला बारीक काट्यांमुळे लहानग्यांना देत नाही. सुकट, जवळा, खारवलेली मासळी मिठामुळे नाही. मोठ्या शिकारी माशांत पारा अधिक साठतो, म्हणून सुरमई, मोरी हे बाळाला वरचेवर देऊ नयेत. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडे. पूर्ण शिजवलेले, पिवळे आणि पांढरे दोन्ही.

मासळीतले लोह धान्यातल्या लोहापेक्षा सहज अंगी लागते, आणि तिच्यामुळे डाळभाज्यांतले लोहही अधिक शोषले जाते. ज्या घरात मांसाहार चालतो त्यांनी तो वर्षानंतर द्यायचा म्हणून उगाच थांबू नये.

नेरूळ_पश्चिम

+१. पण मासे, अंडी, शेंगदाणे यांची ॲलर्जी होते म्हणून आमच्या डॉक्टरांनी उशिरा द्यायला सांगितले होते. त्याचे काय?

बालरोग_परिचारिका

पूर्वी तसाच सल्ला दिला जात असे. तो बदलला. ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांपेक्षा किती तरी जास्त असल्याचे २००८ मध्ये दिसून आले. इस्राएलमध्ये बाळे लहानपणापासून शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. त्यानंतर ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर शेंगदाणा दिलेल्या गटात पाच वर्षांच्या वयाला ही ॲलर्जी सुमारे ८० टक्के कमी आढळली.

आपल्याकडे शेंगदाण्याचे कूट घरात असतेच. ते अगदी बारीक करून खिचडीत किंवा लापशीत चिमटीभर घालून सुरू करावे. प्रत्येक नवा पदार्थ एकेकटा, सकाळच्या वेळी द्यावा आणि दोन-तीन दिवस दुसरे नवे काही देऊ नये, म्हणजे अंगावर पित्त उठले किंवा उलटी झाली तर कारण कळते. तोंड सुजले किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बदाम मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. द्राक्ष उभे चार तुकडे करून. कच्चे गाजर, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, पॉपकॉर्न नाही. सीताफळ, बोर, जांभूळ यांतली बी स्वतः काढल्याशिवाय वाटीत घालू नये.

हिरव्या_डोंगराची_सून

माझे मत थोडे वेगळे आहे. भरवण्याऐवजी बाळाला सुरुवातीपासून स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे, कुस्करण्याच्या पायऱ्या कराव्याच कशाला? मुलाला आम्ही वाफवलेल्या गाजराच्या, रताळ्याच्या बोटाएवढ्या फोडी, मऊ इडलीच्या पट्ट्या समोर ठेवत असू. सांडते पुष्कळ, पण किती खायचे ते तो ठरवतो.

नौपाड्याची_आजी

बाळाने हात घालावा हे मलाही आवडते. पण आपले जेवण वरण, भात, खिचडी, आमटी असे कालवून खाण्याचे आहे, आणि आईच्या बोटांनी दिलेला घास चमच्यापेक्षा पुष्कळ बाळे लवकर घेतात. बोटांना घासाचा मऊपणा आणि उष्णता दोन्ही कळतात. भरवणे आणि स्वतः खाणे यांत भांडण लावू नये, एका ताटात दोन्ही चालते. हात मात्र स्वच्छ धुतलेले, नखे कापलेली.

घोडबंदरची_आई

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर देता आले नाही, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

परिचारिका ताईंनी म्हटल्याप्रमाणे सुटी शिते असलेला वरणभात बाजूला ठेवला आणि भोपळा व मूगडाळ आधी गुळगुळीत, मग पुरणयंत्रातून काढून दिली. चव तिने दोन दिवसांत स्वीकारली. कणीदारपणाला जास्त वेळ लागला, अधूनमधून ओकारीही आली, पण कोणी घाबरले नाही तेव्हा तीही खात राहिली. आता घोटलेली खिचडी तूप घालून वाटीभर खाते. आम्ही जेवताना तिला शेजारी बसवतो आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी समोर ठेवतो; आधी त्या नुसत्या चिरडत होती, आता तोंडात जाऊ लागल्या आहेत. सासूबाईंनी स्वतःहून मिक्सर बाजूला ठेवला. वाटी फोडणीआधी काढणे आमच्याकडे रोजचे झाले आहे. पालेभाजी मात्र अजून थुंकते.

तीन प्रश्न उरले आहेत. पाळणाघरात डबा काय आणि कसा द्यावा? वर्ष झाल्यावर गाईचे दूध किती? आणि घरात उरलेल्या बाटल्या-पाकिटांचे काय करावे?

सानपाडा_संसार

ऐरोलीच्या ऑफिसात ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१७ मध्ये कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार तिथे पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा आहे. रुजू होण्याआधी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. बाळ त्याच आवारात असेल तर दुपारचा एक घास तुम्हीच भरवू शकाल.

हिरव्या_डोंगराची_सून

पालेभाजी टाकून देऊ नका. नवी चव स्वीकारायला बाळाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. चमच्याच्या टोकावर येईल एवढीच, चेहऱ्यावर आग्रह न दाखवता, पुन्हा पुन्हा समोर ठेवायची. मेथीऐवजी आधी लाल माठ डाळीत घोटून पाहा.

निवृत्त_मुख्यसेविका

डब्याबद्दल: आपल्याकडच्या दमट हवेत शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. गरम अन्न उकळत्या पाण्याने आधी तापवलेल्या स्टीलच्या थर्मास डब्यात भरावे, म्हणजे दुपारपर्यंत गरम राहते. सुरुवातीला पाळणाघरात नवा पदार्थ देऊ नये. घरी रुळलेलाच द्यावा, कारण तिथली माणसे आणि जागा तिला आधीच नवी असतील. पाळणाघरातल्या ताईंना घासाचा भरडपणा एकदा प्रत्यक्ष दाखवावा, नाहीतर घाईत सगळे पुन्हा पातळ करून दिले जाते. उरलेले उष्टे परत गरम करून द्यायचे नाही, हेही सांगावे. पाणी उकळून गार केलेले, वाटीने किंवा साध्या पेल्याने.

दूध: वर्ष पूर्ण होईपर्यंत गाईचे दूध मुख्य पेय म्हणून नको. लापशीत किंवा खिरीत घातलेले थोडे, आणि दही, चालते. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ नये. दुधात लोह अत्यल्प असते, आणि पोट दुधाने भरले की जेवण मागे पडते. रक्तक्षयाच्या किती तरी मुलांच्या घरी मला हेच आढळले. आईचे दूध मिळत असेल तर ते दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू राहू द्यावे.

बाटल्या: मुदत पाहून वापरून टाकाव्यात. सफरचंदाची लापशीत, रताळ्याची घावनाच्या पिठात, वाटाण्याची खिचडीत. पाकीट तोंडाला लावून चोखायला देऊ नये, वाटीत पिळून चमच्याने द्यावे. बाटलीतूनही थेट भरवू नये, कारण लाळ लागलेला चमचा आत गेला की उरलेले लवकर खराब होते. लागेल तेवढे वेगळे काढावे, बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. प्रवासात एखादी जवळ असलेली बरी, ठाणे-वाशी लोकलमध्ये गाडी रखडली की तिचा उपयोग होतो.

ठाणे_पूर्व_आई

दोन दातांच्या आमच्या मुलीने आज अर्धी इडली संपवली. परिचारिका ताई, घास अडकल्यावरच्या उपचाराचे प्रशिक्षण ठाण्यात शिकायचे असेल तर चौकशी कुठे करावी?

बालरोग_परिचारिका

आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या लसीकरणाच्या वेळी विचारा. बाहुलीवर दाखवण्याची सोय बऱ्याच रुग्णालयांत असते. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून विचारले तर एखाद्या रविवारी तिथेच येऊन शिकवणारेही मिळतात. आजी-आजोबांना आणि घरकामाच्या मावशींनाही त्या वेळी बोलवा.